वर्षावास आणि श्रद्धेचे पाऊल

‘श्रद्धा’ हा शब्द आपल्या चळवळीत तसा बदनाम झालेला आहे. तो उच्चारला की त्याच्या मागे ‘अंध’ हे विशेषण न लावताही ऐकू येते. याला कारणेही तशीच आहेत. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी श्रद्धेपोटी मरीआईपुढे रेडे तोडलेले पाहिले आणि ज्यांच्या पूर्वजांना श्रद्धेच्याच नावाखाली देवळाच्या पायरीपासून हाकलले गेले, त्यांनी या शब्दाकडे संशयाने पाहावे यात नवल नाही. म्हणूनच गेल्या वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्गात एका विद्यार्थ्याने मला उभे राहून विचारले, “सर, बुद्ध म्हणतो तपासून घ्या. मग आपण विहारात ‘श्रद्धा’, ‘श्रद्धावान उपासक’ हे शब्द कशासाठी वापरतो?” प्रश्न रास्त होता. मी काही तरी उत्तर देऊ लागलो तोच घंटा झाली आणि मी सुटलो. त्या मुलाला द्यावयाचे राहिलेले उत्तर येथे मांडीत आहे. त्यात माझ्या स्वतःच्या एका प्रसंगाची भर घालावी लागणार आहे, कारण तो प्रसंग घडेपर्यंत हे उत्तर मलाही नीट माहीत नव्हते.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. पालीत ‘सद्धा’ म्हणतात ती पाच इंद्रियांपैकी, म्हणजे माणसाच्या पाच आंतरिक शक्तींपैकी, पहिली. तिच्यामागून वीर्य, स्मृती, समाधी आणि शेवटी प्रज्ञा. श्रद्धा पहिली आहे याचा अर्थ ती सर्वश्रेष्ठ आहे असा नव्हे. ती दार आहे, घर नव्हे. केसपुत्तच्या कालामांना बुद्धाने परंपरा, ग्रंथ, गुरू यांपैकी कशावरही केवळ ते आहे म्हणून विसंबू नका असे सांगितले, हे आपण सर्वजण सांगतो. पण तपासून झाल्यावर काय करावयाचे, हे मात्र आपण सांगत नाही. तपासून झाल्यावरही माणूस जागच्या जागी उभा राहू शकतो. आपल्यातले कितीतरी सुशिक्षित असे उभे आहेत. त्यांना सगळे पटलेले आहे.

‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात नागसेन स्थविराने मिलिंद राजाला, म्हणजे ग्रीक राजा मिनँडरला, श्रद्धेची दोन लक्षणे सांगितली आहेत. पहिले, श्रद्धा मन निवळवते. चक्रवर्ती राजाचे सैन्य ओढा ओलांडते, पाणी गढूळ होते, आणि पाणी निवळवणारा मणी त्यात टाकताच गाळ खाली बसतो. दुसरे लक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते. डोंगरावर मोठा पाऊस होतो, दऱ्याखोरी भरतात, नदी दोन्ही काठ भरून वाहू लागते. काठावर माणसांचा जमाव जमतो. पाणी किती खोल, पात्र किती रुंद, कोणालाच कळत नाही. सगळे भिऊन थांबलेले. तेवढ्यात एक माणूस येतो. तो आपली ताकद पाहतो, कासोटा घट्ट आवळतो आणि झेप घेऊन पलीकडे जातो. तो गेलेला पाहून जमावही नदी ओलांडतो. श्रद्धा अशी झेप घेणारी असते, असे नागसेन म्हणतो.

या दृष्टांतात काय नाही ते पाहण्यासारखे आहे. त्यात नदीला नवस नाही. त्या माणसाने डोळे मिटलेले नाहीत. कोणी देव त्याला उचलून पलीकडे ठेवीत नाही. त्याने नदीकडे पाहिले आहे आणि त्याहून अधिक स्वतःच्या पायांकडे पाहिले आहे. आणि तो एकटा पार होऊन मोकळा होत नाही. त्याच्या मागे जमाव आहे. श्रद्धेचा हा अर्थ विद्यार्थ्याला मान्य व्हावयास हरकत नसावी. अडचण एवढीच, की आपली ताकद पाहण्यासाठी वेळ लागतो. तो वेळ धम्माने पावसाळ्यात राखून ठेवला आहे. त्यालाच वर्षावास म्हणतात.

वर्षावास आषाढ पौर्णिमेला सुरू होतो आणि अश्विन पौर्णिमेला संपतो. आमच्या शेजारचे एक गृहस्थ याला ‘तुमचा चातुर्मास’ म्हणतात. पावसाळा दोघांचा एकच, पण उगम निराळा. विनयातील महावग्गात याची हकीकत आली आहे. भगवान राजगृहाला वेळुवनात असताना भिक्खू पावसाळ्यातही फिरत असत. लोक कुरकुरू लागले, की हे श्रमण हिरवे गवत तुडवितात, बारीक जीव मारतात. इतर पंथांचे साधू एका जागी राहतात, पक्षीसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे बांधून बसतात आणि हे मात्र हिंडतात! बुद्धाने लोकांचे म्हणणे ऐकले आणि तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला. हा नियम आकाशातून आला नाही, लोकांच्या तक्रारीतून आला. ज्या धर्मात लोकांच्या कुरकुरीवरून आचार्यांचे नियम बदलतात, त्या धर्माला आपण लोकशाहीच्या जवळचा म्हणतो ते काही उगाच नव्हे.

त्या नियमाला अपवादही आहेत. उपासकाने बोलावणे पाठविले, तर भिक्खूने सात दिवसांपुरते जावे. कोसल देशात उदेन नावाच्या उपासकाने विहार बांधला, भिक्खूंना निरोप पाठविला आणि भिक्खूंनी ‘वर्षावास आहे, नंतर येऊ’ असे उत्तर दिले. त्यावर ही सवलत आली. पूर आला, आग लागली, चोरांचा उपद्रव झाला, तर जागा सोडावी. आणि ज्या गावाच्या आधाराने भिक्खू राहतात ते गावच उठून दुसरीकडे गेले, तर भिक्खूने गावामागे जावे. हा शेवटचा अपवाद वाचताना मला नेहमी आमच्या भागातले ऊसतोड कामगार आठवतात. दसरा झाला की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. म्हणजे इकडे वर्षावास संपतो आणि इकडे अर्धी वस्ती कोयते घेऊन गाड्यांत बसते. त्यांच्यामागे कोण जाते, याचे उत्तर आपल्या भिक्खुसंघाने आणि आम्हा मास्तरांनीही द्यावयाचे आहे.

पहिल्या वर्षावासाचा शेवटही निघण्यातच झाला. सारनाथला आषाढ पौर्णिमेला पहिले प्रवचन झाले. पावसाळा तेथेच गेला. तोवर साठ भिक्खू तयार झाले होते. बुद्धाने त्यांना बहुजनांच्या हितासाठी निघावयास सांगितले, आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नये असेही बजावले. वर्षावास हा मुक्काम खरा, पण निघण्याच्या आधीचा मुक्काम.

आता एक तारखेचा योग सांगतो. त्याला मी चमत्कार मानीत नाही. 1956 साली विजयादशमी 14 ऑक्टोबरला होती. अश्विन पौर्णिमा चार-पाच दिवसांवर आली होती. म्हणजे पंचांगाने पाहिले तर नागपूरचे धम्मचक्रप्रवर्तन वर्षावासाच्या अगदी अखेरच्या आठवड्यात झाले. कुशीनाऱ्याचे वयोवृद्ध महास्थविर चंद्रमणी त्यासाठी नागपुरास आले. त्यांनी बाबासाहेबांना व माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले, आणि मग बाबासाहेबांनी स्वतः लाखोंच्या जमावाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या माणसाने नदी ओलांडली आणि जमाव मागोमाग निघाला. नागसेनाच्या दृष्टांताचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

पण बाबासाहेबांचा वर्षावास तीन महिन्यांचा नव्हता. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यास त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. तेथून नागपूरपर्यंत एकवीस वर्षे आणि एक दिवस. या एकवीस वर्षांत त्यांनी काय केले? 1936 च्या मे महिन्यात मुंबईच्या परिषदेत धर्मांतराची कारणे तपशीलवार मांडली. इतर धर्म तपासले. राज्यघटनेचे काम केले. 1950 साली सिलोनला आणि 1954 साली ब्रह्मदेशाला जाऊन तेथला बौद्ध धर्म डोळ्यांनी पाहिला. 1954 च्या डिसेंबरात देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, 1955 साली भारतीय बौद्ध महासभा स्थापिली. आणि या सर्व काळात तो ग्रंथ लिहिला, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथाही त्यांनी बदलली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून एका रात्रीत घर सोडले ही जुनी हकीकत त्यांना पटली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात युद्ध पेटण्याची वेळ आली, सिद्धार्थाने संघात त्याला विरोध केला, मतदानात हरला, आणि परिणाम स्वतःवर घेऊन परिव्राजक झाला, असे ते मांडतात. म्हणजे पाऊल घेतले ते स्वप्न पडून नव्हे. सभेत उभे राहून, मोजून, किंमत ठरवून घेतले.

किंमत 1956 नंतर आपल्यालाही पडली. ज्यांनी कागदोपत्री ‘बौद्ध’ लिहिले त्यांच्या केंद्राच्या सवलती गेल्या, आणि त्या परत मिळावयास 1990 साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! माझ्या आजोबांना सही करता येत नव्हती. माझ्या वडिलांना शाळेत घालताना मास्तर म्हणाले, “अरे, जुनीच जात लाव, पोराला फायदा होईल.” आजोबांनी ऐकले नाही. वडील पुढे सातवीतून बाहेर पडले ते शेतमजुरीला लागले. आजोबांचे चुकले की बरोबर होते, यावर आमच्या घरात अजून वाद होतात. मी एवढेच म्हणेन, की त्यांनी आपली ताकद जरा जास्त धरली असेल, पण ते काठावर उभे राहिले नाहीत.

आज आपल्या वस्त्यांत वर्षावास कसा होतो हे वाचकांना सांगावयास नको. रात्री आठ-साडेआठला विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन, पौर्णिमेला पांढरी लुगडी, शेवटच्या दिवशी खीर. यात बायाच अधिक. आणि त्या बाया दिवसभर काय करून आलेल्या असतात? भिक्खूंनी हिरवे तुडवू नये म्हणून ज्या दिवसांत घरी बसावे असा नियम झाला, नेमक्या त्याच दिवसांत आमच्या बाया सोयाबीन-कापसाच्या ओळींतून वाकून खुरपत असतात. पौर्णिमेला अष्टशील घेतले तर दुपारनंतर जेवू नये असे आहे. रोजाने खुरपणीला गेलेली बाई बाराच्या आत भाकरी कशी सोडणार? बांधावर जेवणाची सुट्टी एकला होते. आमच्या गावच्या बायांनी यावर आपणच तोड काढली: जेवण एकला, पण रात्री उपाशी. विनयाच्या जाणकारांना हे चालेल की नाही मला माहीत नाही. मला चालते. दमलेल्या बाया रात्री डोळे ताणून ऐकतात, आणि काहींना मध्येच झोप लागते. अशा वेळी वाचणाऱ्याने आवाज चढवू नये, हे मी अनुभवाने शिकलो आहे.

इतके सारे आपण करतो. मात्र ज्या विधीने वर्षावास पुरा होतो तोच आपण गाळला आहे. तो विधी म्हणजे प्रवारणा.

प्रवारणेची हकीकतही महावग्गातच आहे. कोसल देशात काही भिक्खूंनी एकत्र वर्षावास केला. आपसांत भांडण होऊ नये म्हणून त्यांनी तीन महिने एकमेकांशी बोलावयाचेच नाही असे ठरविले. झाडलोट, पाणी, भिक्षा सर्व खुणांवर. वर्षावास संपल्यावर मोठ्या समाधानाने त्यांनी ही गोष्ट भगवानांना सांगितली. बुद्धाने त्यांची कानउघाडणी केली. हे तर गुराढोरांसारखे एकत्र राहणे झाले, अशा अर्थाचे ते बोलले. आणि नियम केला, की वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खूने संघापुढे उकिडवे बसून, हात जोडून, तीनदा विनंती करावी: माझ्यात जो दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा ज्याची शंका आली असेल, तो मला सांगा. ज्येष्ठ भिक्खूने आधी करावयाचे, मग इतरांनी. संयुत्त निकायात तर खुद्द भगवान श्रावस्तीला पाचशे भिक्खूंपुढे आपल्या कृतीत वा बोलण्यात काही दूषण दिसले का, असे विचारतात.

मला स्वतःला हे वाचून धक्का बसला. कारण ते मुके भिक्खू मी ओळखले. आपल्या संघटना, आपल्या समित्या, आपल्या पोटजाती असेच गुण्यागोविंदाने राहतात. ज्या विषयावर भांडण होईल तो विषयच काढावयाचा नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावी वाचन माझ्याकडे होते. मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवितो. दर शनिवारी गावी जाऊन रविवारी परत येत असे. हा भाग वाचून झाल्यावर मी उत्साहाने विहार समितीपुढे मांडले, की यंदा अश्विन पौर्णिमेला आपण उपासकांनीही प्रवारणा करावी. समितीचे अध्यक्ष म्हणाले, “सर, हे भिक्खूंसाठी आहे. आपण संसारी माणसं. भांडणं लागतील.” शेवटी ठरले, की ज्याने सुचविले त्याने करावे. मला वाटले, माझ्यावर कोण काय बोलणार? गावातला पहिला पदवीधर, पहिला प्राध्यापक. फार तर म्हणतील, वर्गणी कमी देतो.

खीर व्हायच्या आधी मी उकिडवा बसलो. तीनदा विचारले. बराच वेळ कोणी बोलेना. मग माझी चुलत आत्या उठली. वय पासष्टच्या पुढे, अक्षरओळख नाही.

“बाळा, तू पुस्तक लई चांगलं वाचतो. पन एक सांगते. मागं दवाखान्याला आले तवा तुझ्या घरी उतरले व्हते. तुझी घरमालकीन दारात उभी व्हती. मी तुला जयभीम घालाया तोंड उघडलं, अन् तू मला डोळ्यानं दाबलंस.”

ती बसली. आणखी काही बोलली नाही.

ते खरे होते. माझे आडनाव दोन्हीकडे सापडते असे आहे. खोली घेताना घरमालकाने आडनाव विचारले, मान डोलावली आणि मी गप्प राहिलो. खोटे बोललो नाही, असे मी स्वतःला समजावीत असे. दोन वर्षे बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लोखंडी कपाटात साड्यांच्या मागे होती. वर्गात मी विद्रोहाच्या कविता शिकवीत होतो. घरी मुलगी ‘जयभीम’ म्हणू लागली तेव्हा तिला हळू म्हणायला शिकवले.

त्या रात्री दुसरेही एक बोलणे झाले. मातंग वस्तीतली चार-पाच पोरे तीन महिने वाचनाला येत होती. त्यांच्यातला एकजण, मला उद्देशून नव्हे तर समितीला उद्देशून, म्हणाला, “आम्ही रोज येतो, पण खीर आम्हाला शेवटी वाढता.” अध्यक्ष म्हणाले, “तसं काही नाही, पंगत मोठी असते.” पोराने मान खाली घातली. त्या वर्षी खीर आधी त्यांना वाढली गेली. एवढे झाले. पुढे काय झाले ते खाली सांगतो.

मी गावाहून परत आलो आणि लगेच काही केले नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टी सांगताना माणसे मधले दिवस गाळतात. बायको म्हणाली, “अहो, तसबीर बाहेर लावायला माझी ना नाही. पण खोली गेली तर पोरीच्या शाळेचं वर्षाच्या मध्ये काय करायचं?” आम्ही तीन आठवडे हिशोब केला. अनामत परत मिळेल का, बँकेत किती आहे, शाळेजवळ आपल्या कोणाची खोली रिकामी आहे का. स्टेशनरोडच्या वस्तीत एक खोली होती, भाडे थोडे कमी, पाणी एक दिवसाआड. तेवढे कळल्यावर एका रविवारी सकाळी मी तसबीर काढली आणि पुढच्या खोलीत, दारातून दिसेल अशी, खिळा ठोकून लावली. संध्याकाळी घरमालकांनी नेहमीप्रमाणे ‘राम राम सर’ म्हटले. मी ‘जयभीम’ म्हणालो. आवाज माझा मलाच परका वाटला.

भांडण झाले नाही. घरमालकीण बाईंनी संक्रांतीला बायकोला हळदीकुंकवाला बोलावले नाही. नळाची वेळ बदलली. फेब्रुवारीत घरमालक म्हणाले, “मुलाचं लग्न ठरलंय, खोली लागेल.” एप्रिलमध्ये परीक्षा झाल्यावर आम्ही निघालो. अनामतीतले काही पैसे रंगाच्या नावाखाली कापले गेले. ज्याला आपण छळ म्हणतो तसे काही माझ्या वाट्याला आले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खेड्यात आपल्या माणसांना यापेक्षा लहान गोष्टीसाठी मार खावा लागतो. माझे पाऊल लहान होते. पण ते घ्यायला मला पस्तिसावे वर्ष लागले, आणि एका निरक्षर बाईने ते दाखवावे लागले.

तेव्हा वर्गातल्या त्या मुलाला माझे उत्तर असे: तू तपासतोस ते योग्यच आहे. पण तपासणीत स्वतःलाही धर. तुझ्याबद्दल इतरांना काय दिसते ते त्यांना विचार, आणि ऐकून घे. कारण आपली ताकद आणि आपली भीती, दोन्ही आपल्याला एकट्याला नीट दिसत नाहीत. नागसेनाचा माणूस स्वतःची ताकद पाहू शकला; आमच्यासारख्यांना त्यासाठी आत्या लागते.

आता वाचन दोन ठिकाणी होते. शनिवारी गावी, आणि बुधवारी तालुक्याला आमच्या खोलीत. येथे अकरा-बारा माणसे येतात, त्यांत कॉलेजची चार मुले. पाण्याचा दिवस असेल तर बायका उशिरा येतात. गावच्या समितीत मातंग वस्तीतला एकजण घ्यावा असा ठराव दोन वर्षे पुढे ढकलला जात आहे. अध्यक्ष तेच आहेत. ती पोरे गेल्या वर्षी तीनच आली. यंदा भाद्रपदाच्या बैठकीत मी पुन्हा प्रवारणेचा विषय काढला. अध्यक्षांनी या वेळी नाही म्हटले नाही. विनयाप्रमाणे ज्येष्ठाने आधी बसावयाचे, हे मी वाचून दाखविले. ते म्हणाले, “विचार करतो.” अश्विन पौर्णिमेला अजून अठरा दिवस आहेत.